कणगीची धनीण

सिंधुदुर्गाचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाची दृष्टी प्रथम समुद्राकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी ज्या जलदुर्गाचा पाया घातला, ज्याच्या तटाआड छत्रपतींचे मंदिर आजही पूजेअर्चेत आहे आणि ज्याच्या नावाने १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा काढलेला हा जिल्हा ओळखला जाऊ लागला, त्या दुर्गाच्या पुण्याईवर या किनाऱ्याने आपला अभिमान जोपासला. परंतु त्याच दुर्गाच्या पिछाडीस, कालावलच्या आणि कर्लीच्या खाड्यांच्या काठाकाठाने, माडाफोफळींच्या सावलीत जी चिऱ्यामातीची घरे शेदीडशे वर्षे टिकून राहिली, ज्यांतील कर्ते पुरुष वर्षातले दहा-अकरा महिने मुंबईत असूनही ज्यांची चूल विझली नाही, शेत पडीक पडले नाही आणि देवापुढचा दिवा चुकला नाही, ती घरे राखली कोणी, याची नोंद सरकारी दफ्तरात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. ती घरे आयांनी राखली. माझ्या आईचे नव्वदीपलीकडे गेलेले आयुष्य अशाच एका घरात, कालावल खाडीच्या काठी, मसुऱ्याच्या बाजूस गेले. आणि तिच्याविषयी लिहू लागलो म्हणजे एका व्यक्तीबरोबर एका संपूर्ण व्यवस्थेचा वृत्तांत आपोआप लिहिला जातो.

ही व्यवस्था कशी निर्माण झाली ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मालवणचे बंदर १८१२ मध्ये करवीर दरबाराकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुढे सहा वर्षांत पेशवाई संपली, आणि आरमारावर, किल्ल्यांच्या शिबंदीत किंवा स्वारीच्या फौजेत ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या चाकरी चालत आली होती अशा असंख्य घरांचा रोजगार बुडाला. उरली ती डोंगरउताराची वरकस जमीन, खाडीकाठची खारी मळी आणि चार-दोन कुणग्यांचे भात. त्यातून खोताचा वाटा आणि सरकारचा सारा वजा जाता जे राही त्यावर कुटुंबाचे आठ महिनेही निभत नसत. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि पुढच्या दोन पिढ्यांत परळ-लालबागच्या परिसरात गिरण्यांचे एक नगरच वसले. त्या नगराला लागणारी माणसे ज्या मुलुखातून आली त्यांत रत्नागिरी जिल्हा, म्हणजे तेव्हा मालवणासह बहुतेक दक्षिण कोकण, अग्रभागी होता. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या घरात भरली; त्यांपैकी सव्वा लाखाहून अधिक माणसे जन्माने रत्नागिरी जिल्ह्याची होती. पुरुष गेले आणि बायका राहिल्या. एकेका खोलीत गावची वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, तेथे संसार नेणे अशक्य होते; शिवाय गावची जमीन कसणारे कोणी नसेल तर कुळाचा हक्क जाण्याचे भय होते. चाकरमानी आणि त्याची गावची बायको ही जोडी अशा रीतीने गरजेतून घडली. पुढे ती इतकी रूढ झाली की मुलगी देताना ‘मुलगा मुंबैक आसा’ एवढे सांगितले की बोलणी निम्मी पुरी होत.

आई मानमोडीच्या तापानंतर चार पावसाळ्यांनी जन्मली, एवढेच तिच्या माहेरी सांगत. ती साथ १९१८ ची, त्यावरून जन्मसाल १९२२ धरावयाचे. मतदार ओळखपत्रावर तिची जन्मतारीख १ जानेवारी अशी नोंदली गेली, कारण तारीख ठाऊक नसलेल्या सर्वांसाठी कारकुनाकडे तीच एक तारीख होती. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तिचे लग्न झाले. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लग्नासाठी मिळालेली रजा संपताच ते बोटीने परत गेले. त्यानंतर चाकरी संपून कायमचे घरी येईपर्यंत उभय पतिपत्नींचा एकत्र संसार म्हणजे मे महिन्याची रजा आणि चतुर्थीचे काही दिवस, एवढाच होता. सहा मुले झाली, त्यांतले एक लहानपणी गेले. ते गेले तेव्हा वडील मुंबईत होते आणि त्यांना पत्र पोहोचेपर्यंत बारावाही उरकला होता. हे सारे त्या काळी इतके सर्वसाधारण होते की त्याविषयी कोणी दुःख म्हणून बोलतही नसे. बोलत नसत म्हणून ते नव्हते असे मात्र मी कधी मानले नाही.

बोट हा त्या आयुष्याचा खरा पंचांगकर्ता होता. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत मालवणास येई आणि पुढे वेंगुर्ल्यास जाई. मालवणचे बंदर खडकाळ, त्यामुळे बोट बाहेरच नांगर टाकून उभी राही आणि उतारू, ट्रंका, वळकट्या, पत्र्याचे डबे यांना घेऊन पडाव हेलकावत धक्क्याला येत. मेअखेर शेवटची बोट गेली की समुद्र बंद. मग भाद्रपद उजाडेपर्यंत मुंबईचा माणूस आणि गावचे घर यांच्यामध्ये खवळलेल्या दर्याची आणि दुर्लंघ्य घाटांची भिंत उभी राही. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या, त्या आठवणीचा धसका कोकणातल्या घराघरांत पुढे कितीतरी वर्षे होता. आणि १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसकडे जाताना सहाशेहून अधिक माणसांना घेऊन समुद्रात गडप झाली तेव्हा, ती आमच्या वाटेची बोट नसूनही, आईने कित्येक रात्री ओसरीवरचा कंदील मालवला नाही, असे मोठी बहीण सांगते. वडील निघताना आई ‘जावा’ हा शब्द कधी उच्चारीत नसे. ‘येवा’ म्हणे, आणि लगेच आत वळे. निरोपासाठी धक्क्यापर्यंत जाण्याची स्त्रियांची रीत नव्हती.

माणसाच्या मागून येई ती मनीऑर्डर. १८८० च्या आरंभी हिंदुस्थानच्या टपालखात्याने मनीऑर्डरीचे काम आपल्याकडे घेतले, आणि या सुविधेचा लाभ ज्या प्रदेशाने सर्वांत मनापासून घेतला त्यांत आमचा जिल्हा गणावा लागेल. पुढच्या काळात अर्थशास्त्रज्ञांनी कोकणाच्या जीवनाला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे नाव दिले. त्या नावात मुंबईहून निघालेल्या पैशाची दखल आहे, पण तो पैसा गावात उतरल्यावर ज्या बुद्धीने त्याचे महिनाभराचे जीवन घडवले तिची दखल नाही. आमच्या घरी पहिली काही वर्षे मनीऑर्डर आजोबांच्या नावे येई. आजोबा वारल्यानंतर ती आईच्या नावे येऊ लागली. पोस्टमनने पडवीत बसून तिचे पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासह आणि आडनावासह, प्रथम मोठ्याने वाचले तेव्हा ती चुलीपुढून उठून आली ती पदराला हात पुशीतच, आणि हे नाव कोणाचे अशा मुद्रेने क्षणभर उभी राहिली. तोपर्यंत तिचे नाव कागदावर लिहिण्याचा प्रसंगच कोणाला आला नव्हता. तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला, मनीऑर्डरीच्या कुपनावर वडिलांनी लिहिलेल्या दोन ओळींची खुशाली पोस्टमनकडून दोनदा वाचून घेतली, आणि नोटा घेऊन ती माजघरातल्या फडताळाकडे गेली.

त्या फडताळात पत्र्याचे लहान लहान डबे होते. एक वाण्याच्या उधारीचा, एक साऱ्याचा आणि घरपट्टीचा, एक मुलांच्या फीचा व पुस्तकांचा, एक देवाच्या वर्गणीचा आणि गावकीच्या देण्याघेण्याचा. रक्कम आली की ती प्रथम या डब्यांत वाटली जाई, आणि वाटून जे उरे त्यात महिना चाले. उरले नाही तर माडाचे नारळ, सोलांच्या चार पायल्या किंवा अंगणातल्या काजूच्या बिया बाजारी जात. या सर्वांच्या मागे, फडताळाच्या कोपऱ्यात, एक डबा होता त्याला आम्ही मुले ‘बोटीचा डबा’ म्हणत असू. मुंबईहून आजाराची तार आली तर ताबडतोब निघता यावे एवढे भाडे त्यात सदैव असे, आणि घरात कितीही ओढगस्त झाली तरी त्या डब्याचे झाकण उघडले जात नसे. ते एकदाच उघडले. वडिलांना विषमज्वर झाल्याची तार आली ती ऐन श्रावणात, समुद्र बंद असताना. तेव्हा जन्मात मालवणच्या बाजारापलीकडे न गेलेली ही बाई एका शेजाऱ्याच्या सोबतीने एसटीने घाट चढून कोल्हापुरास आणि तेथून रेल्वेने मुंबईस गेली, वडील उठून बसेपर्यंत त्यांच्या गावच्या खोलीत गड्यांच्या राबत्यात एका कोपऱ्यात पडदा लावून राहिली, आणि परत आल्यावर पहिल्या चार महिन्यांत तिने तो डबा पूर्ववत भरून ठेवला. त्या प्रवासाविषयी ती पुढे एवढेच बोले की मुंबईस पाणी विकत घेतल्यासारखे जपून वापरावे लागते.

तथापि मनीऑर्डर हे घराचे निम्मे बळ. उरलेले निम्मे, आणि माझ्या मते अधिक खरे, कणगीत असे. कणगी म्हणजे बांबूच्या कांबींची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली, पुरुषभर उंचीची भाताची साठवण. ती भरण्याचे काम ज्येष्ठातल्या तरव्यापासून कार्तिकातल्या झोडणीपर्यंत चाले, आणि भात नांगरण्यापुरता एखादा गडी सांगितला तर बाकी सर्व कामे आई, मोठ्या बहिणी आणि वाडीतल्या बायका एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबून उरकत. पाठीवर इरले, पायांखाली पोटरीभर चिखल, आणि बांधावर कोणातरी एकीचे तान्हे मूल. पण मला सर्वांत स्पष्ट आठवते ते भात उकडणे. रात्री मोठ्या तांब्याच्या हंड्यात भात पाण्यात घालून आई खाली जाळ लावी. पाण्याला वाफ धरली की लाकडे ओढून भात रात्रभर तसेच मुरत ठेवी. पहाटे ते पाणी काढून पुन्हा उकडी काढी, ती दाण्याचे तोंड किंचित फुटेपर्यंत. मग ते वाफाळते भात खळ्यात चटयांवर पसरले जाई आणि उन्हे वर चढतील तसतशी ती त्यात पाय ओढीत फिरे, जेणेकरून खालचा दाणा वर यावा. वाळले की नाही याची परीक्षा एकच होती. एक दाणा सोलून दाताखाली धरावयाचा. तो मऊ दबला तर आणखी ऊन, ‘कट्‌’ वाजला तर पुरे. त्यानंतर घिरटात भरडणे, व्हायनात कांडणे, सुपात पाखडणे. तूस चुलीला, कोंडा गुरांना, कणी सकाळच्या पेजेला, आणि तांबूस उकडा तांदूळ डब्यात. या क्रमात वाया गेलेला असा एक दाणाही मी कधी पाहिला नाही.

आगोटीपूर्वीची बेगमी हा या कारभाराचा दुसरा भाग होता. एप्रिल-मे मध्ये मुंबईची माणसे रजेवर येऊन घर भरलेले असे आणि त्याच दिवसांत आईला चार महिन्यांच्या पावसाची तरतूद करावयाची असे: सुके बांगडे आणि गोलमो, मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या, सोले, कुळीथ, तिखटमसाला, फणसाची साठे, लाकूडफाटा, शेणी. यांतील प्रत्येक वस्तूचे प्रमाण तिच्या मनात ठरलेले असे आणि त्यात सोयऱ्याधायऱ्यांचा, अकस्मात येणाऱ्या पाहुण्याचा, वाडीतल्या एखाद्या निराधार म्हातारीचाही हिस्सा धरलेला असे. कणगीशेजारी आढ्याला टांगलेली बियाण्याची मुडी मात्र कोणाच्याच हिश्श्याची नव्हती. पेंढ्याच्या दोरीने घट्ट आवळलेल्या त्या गोल मुडीला पुढच्या मृगापर्यंत हात लावावयाचा नाही, हा घरातला एकमेव असा कायदा की जो मोडल्याचे उदाहरण नव्हते.

इतिहासकाराच्या दृष्टीने कणगीचे महत्त्व कोठे आहे ते आता सांगतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला आणि काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली; गिरण्यांतली कोकणी माणसे आपापल्या गावी परतली, आणि त्यांना गावांनी खाऊ घातले. १९२८ साली गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. त्या संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत, सभांची वर्णने आहेत, मालकांच्या अटी आहेत. पण दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने वेतनाविना तग धरू शकले ते कशाच्या जोरावर, असे विचारले तर त्याचे निदान एक मोठे उत्तर कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांतील भाताच्या व जोंधळ्याच्या साठ्यात आहे. गिरणीमालक मजुराला जे वेतन देत असे ते एका माणसाच्या खोराकीपुरते. त्याची मुले वाढवणे, त्याचे आईबाप सांभाळणे, तो आजारी पडला की त्याला निभावणे आणि म्हातारा झाला की त्याला स्वीकारणे, हा सारा खर्च गावच्या घरावर, म्हणजे शेवटी त्या घरातल्या बाईवर पडे. मुंबईच्या कापडधंद्याच्या नफ्यात तिचा हा न दिलेला हिस्सा होता. माझी ही भाषा आईला कळली नसती. तिची भाषा सोपी होती.

ती भाषा मी ऐकली १९८२ साली. १८ जानेवारीस दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसे रस्त्यावर आली. वडील त्याआधीच निवृत्त होऊन गावी आले होते. थोरला भाऊ त्यांच्याच गिरणीत लागलेला. सात-आठ महिने त्याने वाट पाहिली आणि शिमगा, मे, चतुर्थी असे सण उलटत गेले तसे त्याचे पत्रातले शब्द कमी होत गेले. शेवटी बायकोमुलांसह तो गावी आला. रात्री उशिरा एसटीतून उतरून, सामान डोक्यावर घेऊन अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आईने दिवा वर धरला, ‘इलस रे झिला?’ एवढे विचारले आणि चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी त्याने हिशेब सुरू केला, कर्जाचा, खोलीच्या भाड्याचा, मुलांच्या शाळेचा, तेव्हा ती म्हणाली, ‘भात आसा, मीठ आसा, मगे आणि काय व्हया?’ हा धीर पोकळ नव्हता. कणगीत किती पायल्या आहेत हे तिला ठाऊक होते आणि वाढलेल्या चार तोंडांचा भागाकार तिने रात्रीच करून ठेवला होता.

धाकटी बहीण मुंबईसच होती. तिच्याही नवऱ्याची गिरणी बंद होती. तिच्यासाठी एसटीच्या टपावरून तांदूळ, सोले, सुकी मासळी जाऊ लागली, आणि एका महिन्यात, वासराचे पैसे हाती आले तेव्हा, आई पोस्टात गेली. मी बरोबर होतो. मनीऑर्डरीचा कोरा फॉर्म तिने समोर धरला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी तिचे नाव मी लिहिले. चाळीस वर्षे मुंबईहून गावाकडे वाहिलेला तो प्रवाह त्या वर्षी कोकणातल्या कितीतरी घरांतून असा उलटा वाहिला. संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. गिरण्या यथावकाश बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उठले. त्या काळावर पुष्कळ लिहिले गेले आहे, नाटके-चित्रपट झाले आहेत. पण त्या उलट्या मनीऑर्डरींची बेरीज कोणी केलेली मला माहीत नाही, आणि ती व्हावी असे मला फार वाटते.

हे सर्व केवळ शेतकरी घरांचेच होते असे समजणे चुकीचे ठरेल. किनाऱ्यावरच्या गाबीत समाजात रापण ओढून पुरुषांनी मासळी वाळूवर आणली की पुढचा व्यवहार, म्हणजे बोली, पाटी, बाजार, उधार-उसनवार, बायकांचा. त्यांचा नवरा समुद्रावर, आमचा गिरणीत, एवढाच भेद. खाडीच्या पाण्यात सोडणे कुजवून काथ्या वळणाऱ्या बायका होत्या. रत्नागिरीच्या बाजूचे उदाहरण ऊर्मिला पवार यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयदान’ या आत्मकथनात आहे: नवऱ्याच्या मागे त्यांच्या आईने बांबूची आयदाने विणून मुलांची शिक्षणे केली. ज्यांच्या वाट्याला कणगी भरण्याइतकी जमीनही समाजाने येऊ दिली नव्हती, त्या घरातल्या आईचा कारभार माझ्या आईच्या कारभारापेक्षा कितीतरी कठीण होता, हे येथे स्पष्ट म्हटलेच पाहिजे.

आता कायद्याची गोष्ट. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला, कुळकायदा त्याआधी वर्षभर, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. पुढे कुळकायद्याच्या ‘३२ ग’ कलमाची चौकशी होऊन किंमत ठरवावयाची, ती हप्त्याने भरावयाची आणि दाखला घ्यावयाचा. वडील तर गिरणीत साच्यावर उभे. मग जमीन कसत होते कोण? कायद्याने याची सोय केली होती. स्वतःच्या श्रमाने किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या श्रमाने केलेली वहिवाट ही स्वतःचीच वहिवाट धरावी, असे त्यात स्पष्ट होते, आणि ते न्याय्यही होते, कारण अन्यथा चाकरमान्यांची सारी शेती हातची गेली असती. अशा प्रकारे आईच्या चिखलातल्या पायांनी वडील कायद्याच्या दृष्टीने कसणारे शेतकरी ठरले आणि सातबाऱ्याला मालक म्हणून लागले. चौकशीच्या दिवशी वडील रजा काढून आले, तालुक्याच्या कचेरीत जबाब झाला, आई त्या दिवशी भात भाजणीच्या राबाला कवळ तोडीत होती. हप्ते तिने नारळ विकून भरले. पावत्या वडिलांच्या नावे आहेत आणि मजपाशी आहेत. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीचा विचार गावोगाव नेला आणि १९९२ मध्ये शासनाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यास उत्तेजन देणारे परिपत्रक काढले, तोवर वडील थकले होते आणि आमच्या गावी त्याचा बोलबाला झाला नाही. वडील वारल्यावर वारस म्हणून आईचे नाव लागले.

कोकणातल्या आईचे मराठी साहित्यातले सर्वपरिचित चित्र साने गुरुजींनी १९३५ साली ‘श्यामची आई’त रेखाटले, पालगडच्या खोताच्या घरातली ती माउली १९१७ मध्ये अकालीच गेली, आणि तिच्या पुत्राच्या स्मृतीत ती सदैव तशीच, दारिद्र्याने गांजलेली आणि संस्कारांनी तेजस्वी, राहिली. त्या पुस्तकाने माझ्याही डोळ्यांना पाणी आणले आहे. परंतु लवकर गेलेली आई स्मरणात मूर्ती होऊन बसते, आणि नव्वद वर्षे जगणारी आई घराच्या तुळईसारखी डोक्यावर असते, तिच्याकडे वर मान करून पाहण्याचे कोणाला सुचत नाही. दीर्घायुषी आईला उत्तरार्ध असतो. त्यात तिचा हट्ट असतो, तिची सुनांशी होणारी खटखट असते, बदलत्या जगाशी चाललेली तिची तडजोड असते. आई सुनांच्या बाबतीत कडक होती. तिने जे भोगले ते त्यांनी का न भोगावे असा तिचा विचार नव्हता. पण घर म्हणजे एक ठाणे आहे, त्यावरची निगराणी क्षणभर ढिली पडली की सर्वस्व जाते, ही अनेक वर्षांची सवय तिला सोडीत नव्हती, आणि ज्या सुनेला गॅस, नळ आणि रेशनचा तांदूळ मिळाला तिला त्या निगराणीचा अर्थ कळत नव्हता. दोघींचेही खरे होते.

त्याहून अवघड प्रसंग वडिलांच्या निवृत्तीचा. इतक्या वर्षांनी धनी कायमचा घरी आला, आणि घरात त्याला नेमके करण्यासारखे काही नव्हते. कोणत्या कुणग्यात कोणते भात, कोणत्या माडाचे शहाळे गोड, कोणाकडे किती उसने, यांतले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. आईला उत्तर देण्याची सवय नव्हती आणि त्यांना विचारण्याची. पहिली दोन वर्षे उभयता एकमेकांशी फार अदबीने, परक्यासारखे वागत. मग केव्हातरी वडील सकाळी तिच्याबरोबर खळ्यात जाऊ लागले, भात पालथे करू लागले, दाणा दाताखाली धरून ‘झाला काय गो?’ असे विचारू लागले. आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांचा संसार झाला, असे म्हटले तर वावगे होणार नाही, आणि तो गोड झाला.

आमच्याकडे भाद्रपदातल्या म्हाळाला संकल्प सांगताना गुरुजी पित्याच्या तीन पिढ्यांची नावे घेतात, तशीच माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही. गावच्या कित्येक स्त्रियांची नावे केवळ त्या उच्चारापुरती जिवंत राहिली, आणि तीही सासरी बदललेली. माहेरचे नाव त्यांच्या भावांच्या मागे कोणाला आठवत नसे. आज शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिण्याची रीत घातली आहे. आमच्या खाडीकाठच्या घरांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या निर्णयाचे मोल सांगावे लागणार नाही.

त्या घरांची स्थिती आता पालटली आहे. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वेने मुंबई एका रात्रीवर आणली. बोटी त्याआधीच थांबल्या होत्या. १९९१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे ११३७ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १०३६. राज्याचे प्रमाण ९२९ असताना हा आकडा अजूनही चढाच आहे, पण तो उतरत आहे, कारण आता बायकाही घराला कुलूप लावून जातात. २०११ पूर्वीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची एकूण लोकसंख्याही घटली. २०२० च्या साथीत मात्र कुलपे पुन्हा उघडली गेली, मुंबईचे लोक १८९६ प्रमाणेच गावी आले. त्या वेळी आई नव्हती आणि बहुतेक घरांत कणगीही नव्हती; तांदूळ रेशनचा किंवा दुकानचा होता.

आई गेल्यावर वर्षभराने आम्ही भावंडे वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेलो. मृताच्या नावाला कंस करून त्याखाली वारसांची नावे घालावयाची, ही रीत. तत्पूर्वी बहिणींची हक्कसोडपत्रे करून घेण्याचाही प्रघात आमच्या बाजूस आहे, आणि मोठ्या बहिणीने ती सही करण्याची तयारी दाखवलीही होती. धाकटीने नकार दिला. तिला हिस्सा तोडून नको होता, आंब्याकाजूचे उत्पन्नही नको होते. ज्या वर्षी वासराच्या पैशांची मनीऑर्डर तिच्या खोलीवर आली त्या वर्षाची आठवण तिने तलाठ्यासमोर सांगितली नाही, फक्त म्हणाली, आयेच्या नावाखाली माझे नाव राहू दे. हे ऐकून मोठीनेही आपला कागद परत घेतला. फेरफार मंजूर झाला आहे. आईच्या कंसाखाली आम्हा पाचही जणांची नावे आहेत, आणि त्यांत पहिले, वयाच्या क्रमाने, मोठ्या बहिणीचे आहे.